सात फुटी छत्रीबाईंना अनावृत पत्र

प्रिय छत्रीबाई,



हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो की तक्रार तुझ्याविरुद्ध नाही. तुला मागणाऱ्यांविरुद्ध आहे. लगीनसराई तोंडावर आली की अंधेरीत फोटोचं सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानांत तुझी विचारणा सुरू होते. ‘सात फुटी आहे का? पॅराबोलिक?’ कशाला हवी म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘लाइट भरपूर पडतो ना!’ आणि ज्यांनी नुकतेच एलईडी दिवे घेतलेत ते त्याच दुकानात उभे राहून म्हणतात, ‘आता छत्र्या कोण लावतं? दिवेच एवढे तगडे आलेत.’ एकाला तू हवी, दुसऱ्याला नको. पण दोघांची समजूत एकच, की मोठी छत्री म्हणजे जास्त उजेड. तू मात्र फ्लॅशच्या उजेडात कणाचीही भर घालत नाहीस, उलट थोडा खातेसच. तुझं काम निराळं आहे आणि ते या उपनगरात जितकं उपयोगी पडतं तितकं क्वचितच कुठे पडत असेल. ते नीट मांडावं म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांनी तुला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. पावसाळी छत्रीला साधारण आठ काड्या असतात, तुला बहुधा सोळा. बाहेरून काळं कापड, आतून चंदेरी किंवा पांढरं. दांडा करंगळीपेक्षा बारीक, तो फ्लॅशच्या ब्रॅकेटमध्ये अडकवायचा. फ्लॅशचं तोंड माणसाकडे नसतं, तुझ्या पोटात असतं. उजेड तिथे आपटून परत येतो आणि मग माणसावर पडतो. मिटलीस तरी चार फुटांच्या आसपास भरतेस. त्यामुळे रिक्षात बसताना तुझं टोक बाहेर राहतं, आणि रिक्षावाला भर मे महिन्यात विचारतो, ‘पावसाची तयारी का साहेब?’

तुझ्या खानदानात श्रीमंत नातेवाईकही आहेत. स्वित्झर्लंडच्या ब्रॉनकलरची ‘पॅरा २२२’ चोवीस पाकळ्यांची, सव्वादोन मीटरच्या घरातली, किंमत लाखांत. हॅम्बुर्गच्या ब्रीझच्या छत्र्या त्याच पंक्तीतल्या. अमेरिकेत नॅशव्हिलच्या पॉल सी. बफ कंपनीनं ८६ इंची छत्री सामान्य फोटोग्राफरच्या आवाक्यात आणली, वेस्टकॉटनं सात फुटी आणली, मग बाजारात तुझी असंख्य भावंडं आली. तू त्या मध्यमवर्गीय शाखेतली. काही हजारांत मिळतेस, आणि काही कंपन्या तुझं माप कापडाच्या वक्रावरून घेत असल्यामुळे सात फूट म्हणवून घेतलेस तरी आरपार थोडी कमीच भरतेस. चालायचंच.

आता त्या भारदस्त ‘पॅराबोलिक’बद्दल. खरा पॅराबोला कसा काम करतो ते पाहायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जावं. तिथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातून समांतर येणाऱ्या रेडिओ लहरी तबकडीवर कुठेही पडोत, परावर्तित होऊन त्या एकाच बिंदूवर, नाभीवर, येऊन मिळतात. तुझ्याकडून अपेक्षा याच्या बरोबर उलट : नाभीवर फ्लॅश ठेवायचा आणि किरण समांतर बाहेर काढायचे. पण तुझी प्रत्येक पाकळी दोन काड्यांमध्ये ताणलेलं कापड, तेव्हा वक्र अचूक कुठला असणार? शिवाय फ्लॅशची नळी हा काही बिंदू नव्हे. म्हणून तू समांतर झोत देत नाहीस; साध्या छत्रीपेक्षा आवरलेला, जरा दिशा असलेला उजेड देतेस. त्याबद्दल तुला दोष नाही. दोष असलाच तर तुझ्या तोंडावर पांढरं डिफ्यूजर कापड चढवून वर ‘पॅराबोलिक लाइट केलाय’ म्हणणाऱ्यांचा. कापड चढलं की वक्राचा हिशेब संपला, राहिला तो मोठा सॉफ्टबॉक्स. चांगलाच असतो तो, पण त्यासाठी पॅराबोल्याचे पैसे कशाला मोजायचे?

तुझी खरी नस दांड्यावर आहे. फ्लॅश फार आत सरकवला तर तुझं फक्त मधलं पोट उजळतं आणि सात फुटांतले तीनच फूट कामाला लागतात. फार बाहेर ओढला तर उजेड कडेवरून निसटून मागच्या भिंतीवर जातो. मधे कुठेतरी अशी जागा असते की तू काठोकाठ भरतेस. ती नुसत्या नजरेनं सापडत नाही. एक फ्लॅश मारून तुझाच फोटो काढावा लागतो. छोट्या स्पीडलाइटचा झूम १०५ वर राहून गेला असेल तर तू कितीही मोठी असलीस तरी छोटीच. तो सर्वांत रुंदावर आणावा, किंवा उघड्या बल्बचा फ्लॅश लावावा. तुला भाड्यानं नेणाऱ्या दहांतले किती जण हे करत असतील, हे मी विचारत नाही.

मोठेपणाचं गणित खरं तर अंतराचं गणित आहे. सूर्य सुमारे १४ लाख किलोमीटर रुंद, पण १५ कोटी किलोमीटर दूर. म्हणून आपल्या आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा ठिपका, आणि म्हणून दुपारी नाकाखाली सुरीनं कापल्यासारखी सावली. तुला साधारण साडेसातशे फुटांवर नेऊन उभं केलं तर तूही सूर्याएवढीच दिसशील, आणि तुझी सावलीही तशीच धारदार पडेल. इतकं लांब जायचीही गरज नाही. बारा फुटांवरची तू म्हणजे चार फुटांवरची सव्वादोन फुटी छत्री. मऊ उजेड हवा म्हणून सात फुटी आणायची आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी करायची, म्हणजे भाडं मोठीचं आणि काम छोटीचं.

आणि इथेच आमच्या उपनगराची अडचण तुझ्या पथ्यावर पडते. आमच्याकडे लांब जायला जागाच नाही. साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्याचा स्टुडिओ करणारा असो की बोरिवलीच्या वन बीएचकेत घरगुती फोटो काढणारा, तुला जवळच उभं करावं लागतं. पुस्तकं सांगतात की छत्री डोक्याच्या वर, पंचेचाळीस अंशांत ठेवा. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या घरांना नऊ फुटांवर छत आणि छताला पंखा नसावा.

बोरिवलीत एका आजींच्या पंचाहत्तरीचा फोटो काढायचा होता. हॉल दहा बाय बारा, भिंत पिस्ता रंगाची, एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला टीव्हीचं कपाट. तुला उघडताना आजींच्या मुलानं विचारलं, ‘दादा, पंखा बंद करू ना?’ पंखा बंद झाला, तरी तुझी वरची कड पात्याला टेकली आणि खालची कपाटाच्या मुठीला. बाजूला उभी करायला जागा नव्हती, म्हणून तुला दाराला पाठ लावून उभी केली आणि तुझ्यासमोर मी उभा राहिलो, कॅमेरा घेऊन, थेट उजेडाच्या वाटेत. नवख्याला वाटतं आता फोटोग्राफरची सावली पडणार. पडत नाही. तू माझ्यापेक्षा इतकी रुंद असतेस की माझ्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरून उजेड आजींपर्यंत पोचतो. अशा समोरून आलेल्या उजेडात सावल्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत, चेहऱ्याच्या मागे जाऊन पडतात. सुरकुत्या राहतात, पण खोदल्यासारख्या दिसत नाहीत.

तुझी काळी पाठ तिथे कामी आली. नुसत्या पांढऱ्या, आरपार उजेड सोडणाऱ्या छत्रीनं खोलीभर उजेड उधळला असता, पिस्ता भिंतीनं तो परत फेकला असता आणि आजींचा एक गाल हिरवट झाला असता. उपनगरातल्या भिंतींचे रंग या धंद्यात फार छळतात. व्हाइट बॅलन्स सुधारला तरी एक गाल हिरवा आणि दुसरा नीट, हे कसं सुधारणार? तू उजेड समोर राखलास. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा आजींच्या बुबुळात तुझा गोल होता, त्यात सोळा काड्यांचं चक्र, आणि मधोमध कोपरं बाहेर काढून उभी असलेली माझी काळी आकृती. जाणकार फोटोग्राफर दुसऱ्याच्या फोटोत आधी हे पाहतो. छत्री कुठे होती, केवढी होती, तिच्यासमोर कोण उभं होतं, सगळा पंचनामा डोळ्यात लिहिलेला असतो.

आता जरा नाजूक मुद्द्यावर येतो. लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला येणारी आई मुलीला समोर बसवून फोटोग्राफरच्या कानाशी सांगते, ‘जरा उजळ येऊ द्या हं.’ मग फ्लॅशची ताकद चढवली जाते, आणि तुझ्या मऊ उजेडात मुलीचं नाक, गाल, हनुवटी सगळं एका पांढुरक्या सपाटीत विरघळून जातं. वरून म्हणायचं, ‘छत्रीचा लाइट आहे, त्यामुळे स्किन छान आली.’ छत्रीबाई, तुझ्या नावावर खपवलेला हा सर्वांत मोठा अन्याय.

गोऱ्या कातडीचा आकार सावलीनं कळतो; सावळ्या कातडीचा आकार बराचसा चकाकीनं कळतो. कपाळाचा उंचवटा, गालाचं हाड, नाकाचा दांडा, ओठांची कड इथे दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि त्यातून चेहरा घडतो. दिवा छोटा असेल तर ते प्रतिबिंब म्हणजे घामाचा तेलकट ठिपका. आणि मुंबईच्या हवेत मेकअप करून दहा मिनिटं झाली की घाम आलाच. दिवा मोठा आणि जवळ असेल तर तीच चकाकी पसरते, तिच्या कडा विरतात, आणि सावळा चेहरा आतून उजळल्यासारखा दिसतो, रंग एका छटेनंही न बदलता. यासाठी तुझं चंदेरी अस्तर लागतं, थोडं तिरपं उभं राहणं लागतं आणि फ्लॅशची ताकद कमी लागते. वाढवायची गरज नसते. त्या आईला ‘उजळ’ म्हणून जे हवं असतं ते बहुधा हेच असतं. तिला दाखवून तर बघा.

साडीचंही तसंच. पैठणीची जर म्हणजे धातूचा आरसा. चंदेरी छत्री समोरून मारली की पदरावरचे मोर लखलखतात, पण काठ कधी कधी इतका पेटतो की वेलबुट्टीच दिसत नाही. पांढरं अस्तर घेतलं तर जर शांत होते, रेशमाचा धूपछाव रंग दिसतो, मात्र उजेड बऱ्यापैकी कमी होतो आणि फ्लॅश चढवावा लागतो. नथीच्या मोत्यांना पांढरी बरी, जरीला तिरपी चंदेरी बरी. नवरीच्या अंगावर दोन्ही असतात. तिथे छत्री बदलण्यापेक्षा तिचा कोन बदलावा. हातभर सरकवलं तर काठातली आग विझते.

मऊ उजेड ही या शहरात पूर्वी मोठ्या घरची चीज होती. एकोणिसाव्या शतकातले फोटो स्टुडिओ उत्तरेकडच्या काचेच्या तावदानांवर चालायचे. तेवढी जागा आणि तेवढी काच ज्याच्याकडे, त्याच्याकडे उजेड. सिनेमात छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’साठी (१९५६) कलकत्त्याच्या स्टुडिओत काशीच्या घराचं अंगण उभं केलं तेव्हा वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून आभाळासारखा उजेड खाली आणला. तू जे करतेस ते हेच, फक्त तेव्हा त्याला अख्खा सेट लागला. उलट टोकाला व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) आरशांनी सूर्याचा कडक झोत काळोखात आणला. कुठला उजेड श्रेष्ठ हा वाद नाही. कथेला जो हवा तो त्यांनी आणला. फाळणीनंतर दादरला उभ्या राहिलेल्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी काढलेले नटनट्यांचे चेहरे कडक दिव्यांतले आहेत, गडद सावल्यांचे, आणि ते विसरता येत नाहीत. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या ‘चेहरे’ या पुस्तकातल्या फोटोंमधला उजेड त्यापेक्षा कितीतरी हळुवार, पण तिथेही दोन चेहऱ्यांना एकच उजेड दिलाय असं वाटत नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुझ्यामुळे मऊ उजेड स्वस्त झाला आणि स्वस्त झाल्यावर सरसकट झाला. वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनला येणाऱ्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ पाहावेत. चेहरे वीस, उजेड एक. निवड करणाऱ्यानं माणूस ओळखायचा कशावरून? ज्याच्या चेहऱ्यात धार आहे त्याला तुझ्यासमोर आडवं बसवावं, दुसऱ्या बाजूला काळं कापड धरावं, अर्धा चेहरा अंधारात जाऊ द्यावा. तू मोठी आहेस म्हणून सगळीकडून उजेड द्यायलाच हवा, असा काही नियम नाही.

अर्थात स्वस्त होण्याचा फायदा मी विसरत नाही. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून सकाळी वर्सोव्याला पोर्टफोलिओ आणि संध्याकाळी घाटकोपरला साखरपुडा अशी दोन कामं एका पोराला खांद्यावरच्या पिशवीतून करता येतात. त्या पिशवीत तू, एक बॅटरीवरचा फ्लॅश आणि एक स्टँड. ज्या उजेडासाठी पूर्वी टेम्पो आणि चार लाइटमन लागत, तो नालासोपाऱ्याचा मुलगा लोकलच्या लगेजच्या डब्यातून घेऊन येतो. सिनेमाच्या सेटवरचे जुने लोक आजही थर्मोकोलवर बाउन्स मारतात किंवा दिव्यापुढे स्किमरचं पांढरं कापड ताणतात आणि तुझ्याकडे कौतुकानं नाही पाहत. पाहू देत.

घाटकोपर-मुलुंडच्या कार्यालयांत तुझी परीक्षा वेगळी असते. तिथे नवरा-नवरी एकटे नसतात. मामा, मावश्या, काका, आत्या धरून तीन रांगा उभ्या राहतात आणि शेवटच्या रांगेतला काका हमखास उंच आणि सावळा असतो. छत्री पुढच्या रांगेपासून चार फुटांवर आणि मागची रांग आठ फुटांवर असेल, तर मागच्यांना साधारण चौथा हिस्सा उजेड मिळतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक. तू स्वतःच सात फुटांची असल्यामुळे इतक्या जवळ हे गणित तंतोतंत लागत नाही, पण काका काळोखात जातात एवढं नक्की. तुला बारा फुटांवर न्यावं. मग मागची रांग सोळा फुटांवर येते आणि तिला पुढच्यांच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. उंच चढवून मागच्या रांगेकडे रोखलं तर फरक आणखी मिटतो. उजेड थोडा कडक होईल, फ्लॅशही चांगलाच चढवावा लागेल. पण पन्नास माणसांत मऊपणापेक्षा न्याय महत्त्वाचा. एकट्या आजींसाठी जवळ, कुटुंबासाठी लांब. एवढं साधं सूत्र आहे.

आणि बाहेर? गोराईच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंगवाले दुपारी तुला उघडतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. सात फूट व्यास म्हणजे साधारण ३८ चौरस फूट कापड. ते स्टँडवर लावलं की शीडच झालं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि तू फ्लॅशसकट नवरदेवाच्या अंगावर जातेस. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, शिवाय तुझा दांडा धरायला एक माणूस हवा, आणि तो रील बघत उभा राहणारा नको. वारा फारच असेल तर तुला मिटून ठेवावं, त्यात कमीपणा नाही. तुझी काडी मोडली तर पावसाळ्यात स्टेशनबाहेर बसणारा छत्रीवाला लोखंडी काडी तारेनं बांधून देतो. मोडलेल्या फ्लॅशला मात्र तार लागत नाही.

एलईडीवाल्यांना उत्तर इथेच द्यायला हवं. व्हिडिओला त्यांचे दिवे लागतात, मान्य. पण भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२५० सेकंदाच्या शटरला ॲपर्चर एफ ११ च्या आसपास जातं. त्या उन्हाशी बरोबरी करायची तर सहाशे वॉट-सेकंदांचा फ्लॅश तुझ्या चंदेरी पोटातून, चार-पाच फुटांवरून, क्षणभर का होईना करू शकतो. खांद्यावरून नेता येईल असा एलईडी तुझ्या पोटात घातला तर उन्हात तो लागलाय की नाही, हे जवळ जाऊन बघावं लागतं. फ्लॅशला ॲपर्चरनं आवरायचं आणि आभाळाला शटरनं, ही सोय आहे तोवर तुला कोणी निवृत्त करू शकत नाही. जुलैतलं ढगाळ आभाळ तर तुझीच मोठी बहीण. फक्त ती डोक्यावरून उजेड देते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या ठेवते. तिथे तू बाजूनं, हलक्या ताकदीनं आलीस की डोळे परत येतात.

तर आता विनंती. तुला नाही, भाड्यानं देणाऱ्या दुकानदारांना. पावती फाडण्याआधी गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारा : खोली केवढी आहे आणि माणसं किती आहेत? ज्याच्याकडे उत्तर असेल त्याला ही सात फुटी खुशाल द्या, वर वाळूची पिशवी फुकट द्या. ज्याला फक्त ‘भरपूर लाइट’ हवा असेल त्याच्या हातात साडेतीन फुटी ठेवा. पैसे वाचतील, आणि उजेड मऊ हवा असेल तर त्याला झक मारत माणसाच्या जवळ जावं लागेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
उपनगरातला एक फोटोवाला